मुद्दाम ठेवलेलं भोक

विमानाच्या छतातून पांढरं काहीतरी सळसळत खाली यायला लागलं, तेव्हा हवावाल्याच्या होणाऱ्या सासूबाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं. होणाऱ्या म्हणजे, व्हायच्या की नाही हे त्याच प्रवासात ठरायचं होतं.

हवावाला हे त्याचं कामावरचं नाव. विमानं दुरुस्त करतात तिथं कोणी इंजिनवाला असतो, कोणी चाकवाला. हा विमानातल्या हवेचा तंत्रज्ञ. वर आभाळात माणसं गोठू नयेत आणि गुदमरू नयेत यासाठी जी काही यंत्रं लागतात ती खोलायची, तपासायची, परत लावायची, हे त्याचं काम. आज तो रजेवर होता. सासूबाईंना, म्हणजे काकूंना, खिडकी देऊन स्वतः मधल्या सीटवर इस्त्रीच्या कपड्यासारखा घडी होऊन बसला होता.

काकूंची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. तिचं आणि हवावाल्याचं केव्हाच जमलं होतं, अडलं होतं ते काकूंच्या होकारापाशी. लेकीकडे राहायला निघताना त्यांनीच फर्मान काढलं, "त्यालाच पाठव सोबत. बघते मी." मुलीनं फोनवर त्याला बजावलं होतं.

"आई पहिल्यांदाच विमानात बसतेय, सांभाळ तिला. आणि थापा नको मारूस हं. मागच्या स्थळानं स्वतःचा म्हणून दाखवलेला फ्लॅट त्याच्या मामाचा निघाला. आई अजून विसरलेली नाही."

"मी कधी थापा मारतो?"

"नाही मारत. तोच तर वैताग आहे. खरंसुद्धा जरा कमी बोल."

यातलं 'पहिल्यांदाच बसतेय, सांभाळ' एवढंच हवावाल्यानं डोक्यात पक्कं केलं.

"धूर आहे का हो हा?" काकूंनी विचारलं.

"छे हो काकू, धुकं आहे. बाहेरची हवा दमट, आत येतेय ती एकदम गार. फ्रिज उघडला की कसं दिसतं, तसं."

काकूंनी समाधानानं मान हलवली. पुढं कित्येक महिने झोप लागेनाशी झाली की हवावाला मनातल्या मनात या जागी थांबायचा. मनातल्या मनात तो फार सुंदर थांबायचा.

"पण ही गार हवा येते कुठून?"

"इंजिनातून."

पुढच्या रांगेत मानेभोवती उशी घातलेलं एक डोकं हळूच मागं वळलं.

"आत्ता शेपटीतल्या छोट्या इंजिनातून येतेय," हवावाला रंगात आला. "उडालो की पंखाखालच्या मोठ्यांतून येईल. इंजिन हवा दाबत असतं ना, त्यातली थोडी आपण जळायच्या आधीच काढून घेतो. दोनशे डिग्री तरी गरम असते."

"अगंबाई! मग?"

"मग तिला निववायची. बाहेरच्या थंड हवेनं आधी जरा गार करायची, मग एका चक्रावर सोडायची. ते चक्र फिरवता फिरवता बिचारी दमते आणि गार पडते."

"आमचे हे तसेच होते," काकू म्हणाल्या.

"एक मिनिट," उशीवाले म्हणाले. "आपण दोनशे डिग्रीची हवा नाकात घेतोय?"

"नाकात जाईपर्यंत गार होते."

"आणि नाही झाली तर?"

"तर झडप बंद होते."

"आणि झडप बंद नाही झाली तर?"

इथं कुणीही शहाणा माणूस "होते हो" म्हणून मोकळा झाला असता. पण हवावाल्याला प्रश्न मनापासून आवडला. नव्या माणसाला घेताना त्याचे साहेब हाच प्रश्न विचारायचे. "तर मग बघावं लागेल," तो गंभीरपणे म्हणाला.

उशीवाल्यांनी उशी काढली.

"मला एक सांगा," काकू म्हणाल्या, "एवढी हवा आत येतच राहिली, तर विमानाचा फुगा नाही का व्हायचा?"

हवावाल्याला भरून आलं. कामावर सहा-सहा महिने घासल्यावर लोकांना सुचतं ते या बाईंना बसल्या जागी सुचलं होतं. "अगदी बरोब्बर! म्हणून तर विमानाला भोक असतं."

"विमानाला?"

"हो, मागच्या बाजूला, पोटापाशी. मुद्दाम ठेवलेलं. त्याला दार असतं, ते कमी-जास्त उघडतं. आत जेवढी हवा येते तेवढी तिथून बाहेर सोडायची. ते भोक आहे म्हणून आपण वर जिवंत राहतो."

उशीवाल्यांनी हे पुढच्याला सांगितलं. पुढच्यानं त्याच्या पुढच्याला सांगितलं. वाक्य कुठं बिघडलं नाही, कुणी पदरचं काही घातलं नाही. फक्त 'मुद्दाम' तेवढं वाटेत गळून पडलं. विमानाच्या नाकापाशी पोचलं तेव्हा ते स्वच्छ आणि सुटसुटीत झालं होतं: विमानाला भोक आहे, आणि मागं बसलेल्या मेकॅनिकनं स्वतः सांगितलंय.

एक बाई बाळाला कडेवर घेऊन उठल्या. एकानं मोबाइल काढून धुक्याचं शूटिंग सुरू केलं. उशीवालेही उभे राहिले, तशी एअर होस्टेस धावत आली.

"सर, प्लीज बसून घ्या."

"आधी सांगा, विमानाला भोक आहे की नाही?"

"सर, आपलं विमान पूर्णपणे सुरक्षित आहे."

"म्हणजे आहे!" उशीवाले ओरडले. "अहो, हे इथं बसलेत ना, यांना विचारा! काय हो, ते भोक नीट चालतंय का?"

सगळं विमान हवावाल्याकडे वळलं.

त्याच्या धंद्यात एक रीत असते. जे स्वतः उघडून पाहिलं नाही त्याला नीट म्हणायचं नाही. साहेब विचारो नाहीतर साहेबांचा साहेब. ही रीत त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी आईनं "दूध चांगलं आहे का रे?" विचारलं तरी तो आधी वास घ्यायचा.

"मी हे विमान तपासलेलं नाही," तो म्हणाला. "सांगता येणार नाही."

ज्यानं तपासलंय त्यानं नीटच तपासलं असणार, हे पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. पण तोवर डोक्यावरचे कप्पे धडाधड उघडले होते, आणि ते वाक्य कुणाच्या तरी बॅगेखाली सापडलं.

शेवटी कॅप्टन स्वतः बाहेर आला. त्यानं हवावाल्याला खुणेनं पुढं बोलावलं आणि दात आवळून म्हणाला, "हे लोक उतरले तर त्यांचं सामान विमानाच्या पोटातून हुडकून काढावं लागेल. तोवर आमची ड्यूटी संपते. मग विमान रद्द. तुम्ही पेटवलंय, तुम्हीच विझवा. सगळं ठीक आहे म्हणा आणि मोकळे व्हा."

"पण मी तपासलेलं नाही."

"अहो, आमच्या लोकांनी तपासलंय!"

"मग तुम्ही सांगा ना."

"माझं कोण ऐकतंय? मी कंपनीचा माणूस! त्यांना तुम्हीच पाहिजे आहात."

हवावाल्यानं मागं पाहिलं. काकूंनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळून धरले होते. ओठ घट्ट, नजर थेट त्याच्यावर. घाबरल्या, त्याला वाटलं. पहिल्यांदाच बसल्यात, सांभाळायचं होतं, आणि आपण हे करून ठेवलं. आता विमान रद्द होणार, या घरी परतणार, पुन्हा कधी विमानाचं आणि आपलं नाव काढणार नाहीत. तिकडे ती सुट्टी काढून वाट बघत बसलीय.

त्यानं माइक हातात घेतला.

"नमस्कार. मी हवेचा तंत्रज्ञ. या विमानाला भोक वगैरे काहीही नाही." इथं थांबलं तरी चाललं असतं. पण सवय नसलेल्या माणसाला थाप कुठं संपवायची ते कळत नाही. "आज सकाळीच मी स्वतः सगळं तपासलंय."

टाळ्या पडल्या. बॅगा वर गेल्या. बाळ झोपलं. उशीवाल्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला, "असं आधी सांगायचं ना राव!" आणि विमान धावपट्टीला लागायच्या आत ते घोरायला लागले.

विमान वर चढलं. काकू खिडकीतून ढग बघत होत्या.

"कानांना दडे बसले तर गिळत राहा काकू," हवावाला हळूच म्हणाला. "मोकळे होतात."

"गिळलं मघाशीच," काकू म्हणाल्या.

मग त्या त्याच्याकडे वळल्या. "भोक आहे ना?"

"आहे," हवावाला म्हणाला.

"कुकरच्या शिट्टीसारखं. फार कोंडलं की थोडं बाहेर."

हवावाला बघतच राहिला. इतकी वर्षं तो हे लोकांना समजावत होता, आणि शिट्टी त्याला एकदाही सुचली नव्हती. एवढा एक शब्द मघाशी तोंडात आला असता, तर उशीवाल्यांची उशी मानेभोवतीच राहिली असती.

"म्हणजे... तुम्ही घाबरला नव्हतात?"

"कशाला घाबरू? इतकं छान सांगत होतात."

"पण दांडे असे आवळून धरले होते..."

"खुर्ची मागं करायचं बटण कुठं सापडतंय ते बघत होते." काकूंनी पदर सारखा केला. "आणि आज सकाळी तुम्ही आमच्या घरी होतात. माझ्या बॅगेची चेन अडकली होती, ती ओढत बसला होतात. विमान कधी तपासलंत?"

हवावाल्याकडे खरं उत्तर होतं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. "तुम्हाला पोचवायचं होतं," तो म्हणाला.

"त्या मामाच्या फ्लॅटवाल्यालाही काहीतरी असंच करायचं होतं," काकू म्हणाल्या आणि परत ढगांकडे वळल्या.

विमान वेळेवर पोचलं. बाहेर मुलगी उभी होतीच. ती काही विचारणार, तेवढ्यात उशीवाले सामानासकट मध्ये घुसले.

"ताई, या माणसाला सोडू नका! यांनी एक शब्द टाकला आणि अख्खं विमान निर्धास्त. डोळे मिटून विश्वास ठेवावा असा माणूस आहे!"

मुलीचा चेहरा उजळला. "ऐकलंस ना आई?"

"ऐकलं."

"मग? आवडला का गं?"

"अख्ख्या विमानाला आवडला," काकू म्हणाल्या. "फक्त खरं ऐकून बरं वाटणारी त्यात मी एकटीच होते."

मुलीनं हवावाल्याकडे पाहिलं. "काय केलंस तू?"

हवावाल्यानं सगळं खरं सांगायला घेतलं. अगदी धुक्यापासून. तो भोकापर्यंत पोचला, तोवर काकू पुढं जाऊन टॅक्सीत बसल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "दार लागलंय बाई, मी बघितलंय."

तरी काकूंनी ते आतून दोनदा ओढून पाहिलं.