बारागाड्या आणि साहेबाचा रबरी पट्टा

या मंडळी, टाळ घटकाभर खाली ठेवा आणि कान इकडे द्या! अशी हकीगत सांगतो की हसता हसता उपरणं खांद्यावरून घसरेल, आणि घसरलेलं उचलायचं भान राहणार नाही!

गाव पारोळ्यापासून दोन कोसांवर, बोरी नदीच्या काठी. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून ओशाळतात. साल एकोणीसशे चौतीस. गावात कापसातून सरकी काढायचं जिन होतं. जिनावर बार्टन नावाचा गोरा साहेब होता, आणि साहेबाच्या हाताखाली मुकादम होता आपला झुलाल.

झुलाल अंगानं तुऱ्हाटीसारखा, पण कीर्तनाचं वेड असं की हरिदासाची वीणा दोन गावं पलीकडे वाजली तरी याच्या पायाला खाज सुटायची! बुवांच्या मागे टाळ धरून उभा राहिला की घामानं सदरा भिजायचा, तरी हा भानावर यायचा नाही.

त्या चैत्रात अभिमनबुवांनी देवळात सांगितलं, "बाबांनो, आता वय झालं. उघड्यावर गळा चालत नाही, वारा शब्द पळवून नेतो. आखाजीपासून सात दिवस डोक्यावर छप्पर देत असाल तर येतो. नाहीतर ह्या गावाला माझा रामराम समजा."

हजार माणूस मावेल असं छप्पर गावात एकच, जिनाची शेड. हंगाम संपल्यानं ती रिकामीच पडली होती. पण किल्ली साहेबाकडे!

झुलालनं छाती पुढे काढली. "बुवा, तुम्ही वीणा लावा! किल्ली उद्या आणतो. सायेब मना शब्दाबाहेर नही!"

हे बोलताना साहेबाशी आपण आजवर 'जी सायेब' याखेरीज दुसरा शब्द बोललेलो नाही, हे तो विसरला.

दुसऱ्या दिवशी साहेब व्हरांड्यात कमरेवर हात ठेवून उभा. पुढ्यात विलायतेहून आलेली लाकडी पेटी. साहेबाला गोल्फचा नाद होता. गोल्फ म्हणजे काय, ते आधी ऐका. लिंबाएवढा पांढरा चेंडू असतो. त्याला वाकड्या काठीनं हाणायचं, मग पायपीट करून तो शोधायचा, सापडला की पुन्हा हाणायचं, आणि शेवटी एका बिळात घालायचा. एवढ्यासाठी हा माणूस रोज उन्हात भाजून टोमॅटोसारखा लाल व्हायचा! धुळ्याच्या डॉक्टरसाहेबानं त्याला लागोपाठ तीन वर्षं हरवलं होतं. म्हणून यंदा त्यानं खेळ सुधारायची अवजारं मागवली होती. पण पहिलंच अवजार लावताना त्याची कंबर लचकली.

झुलालनं शेडचं विचारताच साहेबाचे निळे डोळे चमकले.

"झुलाल! शेड मिलेगा. लेकिन पहले टुम ये सब लगाके देखो. आखाजी टक. फिर सच सच बोलो, कोन्सा चीज अच्छा है."

"एवढंच ना सायेब? विटीदांडूत मी पारोळ्यापर्यंत नावाजलेलो!"

मग काय! जिनामागच्या माळावर रोज सकाळी परीक्षा सुरू झाली.

पहिल्या दिवशी दोरीनं खुंटीला बांधलेला चेंडू. कितीही हाणा, हरवायचा नाही! झुलालनं देवाचं नाव घेऊन जो हाणला, तो चेंडू गेला, दोरी ताणली, आणि सासुरवाशीण माहेरी धावावी तसा परत येऊन त्याच्या नडगीवर आदळला! दुसऱ्या दिवशी दुसरी नडगी. तिसऱ्या दिवशी दोन्ही कोपरं बरगड्यांना जखडणारा कातडी पट्टा. चौथ्या दिवशी दातांत धरायची लाकडी चकती. तिची दोरी कमरपट्ट्याला बांधलेली, म्हणजे खेळताना मान वर होऊ नये! आणि पाचव्या दिवशी सगळ्यांचा बाप. हातभर रुंदीचा कमरपट्टा आणि त्याला मागून जाडजूड रबरी दोर. दोराचं टोक जमिनीत ठोकलेल्या खुंट्याला. अंग पुढे झुकलं की रबर मागे ओढणार!

"पाच घोडा खिंचेगा, टूटेगा नहीं!" साहेब अभिमानानं म्हणाला.

आता इकडे गावात काय चाललं होतं पाहा. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला देवीपुढे बारागाड्या ओढायची गावाची चाल. बारा बैलगाड्या बैलांवाचून एकामागे एक जोडायच्या, त्यांत माणसं भरायची, आणि कमरेला पट्टा बांधून देवीचा भगत त्या ओढत नेणार. दोन्ही बाजूंना धरायला 'बगले' असतात, पण जोर देवीचा आणि कंबर भगताची! वीस वर्षं हा मान निंबा भगताचा होता. पण त्या वर्षी निंबा चिंचेवरून पडला आणि त्याचा खुबा गेला. आता गाड्या कोण ओढणार? देवी उपाशी राहिली तर? गाव चिंतेनं काळवंडलं होतं.

अशात जिनाचा पहारेकरी भिकन यानं कुंपणातून पाहिलं. कमरेला पट्टा, मागे दोर, मान खाली, तोंडात काहीतरी धरलेलं, आणि झुलाल घामाघूम होऊन पुढे झुकतोय, मागे खेचला जातोय, पुन्हा झुकतोय!

भिकन जो सुटला तो थेट पारावर. "अरे, देवीनं माणूस निवडा! झुलाल सराव करी ऱ्हायना!"

आठव्या दिवशी मंगळवार होता. साहेबानं त्या दिवशी फर्मावलं, "आज सब एकसाथ!" कोपरं बांधली, कमर बांधली, चकती दातांत दिली, हातात काठी दिली, आणि साहेब पेटीतला माहितीचा कागद वाचायला आत गेला. झुलाल एकटा माळावर, पोळ्याला सजवलेल्या पण खुंट्याला विसरलेल्या बैलासारखा!

तेवढ्यात कुंपणाचं फाटक उघडलं. काठी टेकत निंबा भगत, मागे भिकन, त्यामागे झुलालची बायको भागाबाई, आणि तिच्यामागे हळदकुंकवाची ताटं घेतलेल्या पंचवीस बाया!

"झुलाल, खरं सांग रे भो," निंबा पुढे येत म्हणाला. "तुले देवीनं सपन दिन्हं ना?"

"उं! उं उं!" झुलाल म्हणाला. चकती थुंकावी तर दातांत घट्ट रुतलेली.

"देखा! मौन धरेल शे!" भिकन ओरडला. "आज मंगळवार, देवीना वार!"

"मी कालदिन सांगं नव्हतं का?" भागाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "आठ दिन झायात, नडग्या सुजेल शेत, पण घरमा एक शब्द बोलस नही! माले वाटे काही पाप करं का काय. हाई तर पुण्य निंघनं वं माय!"

"मंग बारागाड्या ओढशी ना, भो?" निंबानं विचारलं.

नाही म्हणायला त्यानं मान आडवी हलवायला घेतली. पण दोरी! ती फक्त खाली जाऊ देत होती. मान खाली गेली. तो दचकून वर करायला गेला, दोरीनं पुन्हा खाली खेचली. वर, खाली! वर, खाली! इतक्या जोरात होकार त्या गावात लग्नाच्या बोहल्यावरही कुणी दिला नसेल!

"तीनदा हो म्हणला!" बाया ओरडल्या. "देवी माय की जय!"

निंबानं त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि तिथं नारळ ठेवला. आता गावचा नेम असा की भगतानं दिलेला नारळ ज्यानं हातात धरला, त्यानंच गाड्या ओढायच्या. ज्याला नको असेल त्यानं तो लगेच दोन्ही हात पुढे करून भगताच्या ओटीत परत द्यायचा. झुलालनं हात पुढे करायचा जीव तोडून यत्न केला. कोपरं बरगड्यांना! आणि खाली टाकावा, तर देवीचा नारळ. कीर्तनात वाढलेला माणूस, त्याची बोटंच सुटेनात!

एवढ्यात साहेब बाहेर आला. एवढी गर्दी, जयजयकार, त्यात हळदकुंकू लावलेला आपला मुकादम!

"वंडरफुल!" साहेब आनंदानं ओरडला. "सब गाव गोल्फ सीखने आया!"

चकती निघाली तेव्हा झुलालचा पहिला शब्द होता, "नही!" पण समोर निंबा लेकरासारखा रडत होता. "वीस वरीस ओढ्यात मी, झुलाल. औंदा देवी खाले मान घालीसन बसती. तू मनी लाज राखी रे!" आणि भागाबाईला चार बाया 'भगतीण, भगतीण' म्हणत होत्या. झुलालनं तो 'नही' तसाच गिळून टाकला.

आखाजी उजाडली. झोक्यावरच्या पोरींची गाणी थांबली आणि सारं गाव देवीच्या रस्त्याला लोटलं. बारा गाड्या जोडल्या. पहिल्या गाडीत कडब्याच्या पेंढ्या अंथरून अभिमनबुवांना मानानं बसवलं. बाराव्या गाडीत टोपी सावरत साहेब. पण निंबाचा पट्टा झुलालच्या कमरेत दोन वेटोळे घेऊनही खाली घसरू लागला!

"सायेबना पट्टा आणा!" भागाबाई म्हणाली. "तो यान्हा मापना शे!"

पट्टा आला. आणि गडबडीत भिकननं पट्ट्यासकट रबरी दोरच पहिल्या गाडीला बांधला! बाराव्या गाडीतून साहेब ओरडला, "यस! असली टेस्ट!"

झुलालनं देवीला हात जोडले. "माय, बुवांना छप्पर मिळू दे. मनं काही बी होऊ दे." आणि धावला!

दहा पावलं गेला. लोक ओरडले, "जय!" पंधरा पावलं! गाड्या मात्र जागच्या जागी. अठरा पावलं! रबर ताणून बोटाएवढं झालं. बगले मागे पडले. एकोणिसाव्या पावलाला झुलालचे पाय धावत होते आणि अंग तिथंच होतं. क्षणभर तो तसाच अधांतरी, गुळात अडकलेल्या माशीसारखा पंख फडफडवत. आणि मग...

सट्‌!

झुलाल आला तो उलटा, पाठमोरा, बगल्यांच्या डोक्यांवरून, थेट पहिल्या गाडीतल्या कडब्यात! दोन पाय वर आणि बाकीचा झुलाल बुवांच्या पायाशी.

निंबानं डोळे मिटले. अपशकुन म्हणावा, की काय म्हणावं?

अभिमनबुवांनी वाकून त्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या दाढीतून हसू फुटलं. ते गाडीत उभे राहिले.

"ऐका रे! आजवर भगत गाड्या ओढत आला. आज गाड्यांनी भगत ओढला! तुम्ही सगळे वर बसून राहता आणि एका माणसाच्या कमरेवर पुण्य मागता, म्हणून माय रागावली. उतरा खाली! लावा हात!"

हसण्याचा असा कल्लोळ उठला, काय सांगू! माणसं धडाधड खाली उतरली. बायांनी चाकांना हात घातला. बुवांनी नामाचा गजर धरला आणि बाराच्या बारा गाड्या एका दमात देवीपुढे! ढकलणाऱ्यांत सर्वांत पुढे, लंगडत, निंबा होता.

तिथंच, लोक गाड्यांत परत चढले आणि बुवांनी छपराची अट विसरून कीर्तन सुरू केलं. हनुमंताचं उड्डाण. वारा होताच. तिसऱ्या गाडीपलीकडे शब्द पोचेना. तेव्हा पहिल्या गाडीनं ऐकलेलं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला, असं ठरलं. आता आमची माणसं! पदरचं घातल्याशिवाय पुढे देतील? बुवांचा हनुमंत थेट समुद्र ओलांडून गेला. पाचव्या गाडीत तो सातपुड्यावर पाणी प्यायला थांबला. नवव्या गाडीत तो रावेरला उतरला आणि त्यानं केळीचा एक घड संपवला!

बाराव्या गाडीत साहेबानं भिकनला विचारलं, "किटना डूर कूदा?"

"शंभर योजनं, सायेब!"

"माय गॉड! कोन्सा पट्टा लगाया था?"

"पट्टा नही सायेब," भिकन म्हणाला. "रामना नाव."

मग झुलाल लंगडत त्याच्यापाशी आला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, खरं सांगायचं ठरलं होतं. तुमच्या पेटीतल्या एकाही वस्तूनं चेंडू सरळ गेला नाही. आता शेड नाही दिली तरी चालेल. देवापुढे खोटं बोलवत नाही."

साहेबानं खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "टुम सच बोला. लो. छे दिन!"

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी हजार माणूस शेडमध्ये. वाऱ्याची झुळूक नाही, धूळ नाही, बुवांचा गळा मधासारखा! झुलाल मागे टाळ धरून उभा, डोळ्यांत पाणी. ज्यासाठी नडग्या फोडून घेतल्या, ते हेच! बुवांनी खूण केली. मृदंग कडाडला, पन्नास टाळ एकदम झडले, पत्र्याचं छप्पर थरथरलं...

आणि चार हंगामांचा कापसाचा भुरभुरा भुगा, जो वर छप्पर पेलणाऱ्या कैच्यांवर साचून राहिला होता, तो सगळाच्या सगळा खाली आला!

बर्फ म्हणतात तो कसा पडतो, ते खानदेशानं त्या दिवशी पाहिलं. बाया-माणसं, पोरंसोरं, सगळी एका घटकेत ऐंशी वर्षांची म्हातारी! बुवांनी अभंगासाठी तोंड उघडलं आणि त्यातून निघाली शिंक. मग दुसरी. मग हजार माणसांची मिळून एकच शिंक! जिनाचा मुकादम, बारा वर्षं त्याच कैच्यांखाली राबलेला झुलाल, कपाळावर हात मारून खालीच बसला.

"झुलाल," बुवा डोळे पुसत म्हणाले, "गाड्याच बऱ्या होत्या रे."

उरलेले पाचही दिवस कीर्तन गाड्यांतच झालं. शेवटच्या दिवशी हनुमंत चाळीसगावला आगगाडीत बसला, असं बारावी गाडी आजही शपथेवर सांगते.

त्यानंतर बुवा त्या गावी आले नाहीत. पुढच्या माघात देवाघरी गेले. तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे: आता टाळ उचलाल, तेव्हा पहिला टाळ अभिमनबुवांच्या नावाचा वाजवा. पण जरा बेतानं हो. आपण बसलोय तीसुद्धा जिनाचीच शेड आहे, आणि वर मी अजून पाहिलेलं नाही.