चिंचमळ्याचं स्थळ

आमच्याकडे राहायला उपनगर शोधत माणसं हिंडत नाहीत. उपनगरच माणसं बघायला घरी येतं. चहापोहे होतात, प्रश्नोत्तरं होतात आणि आठवडाभरात होकार किंवा नकार कळतो. लग्नाच्या मुलालाही आपण स्थळ म्हणतो आणि जागेलाही स्थळच म्हणतो, तेव्हा दोन्हींची रीत एकच असावी यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

माझ्या नवऱ्याची, श्रीनिवासची, कऱ्हाडहून शहरात बदली झाली. एकट्या माणसाला उपनगर लागत नाही, तो शहराच्या मध्यात कुठेही खोली घेऊन राहू शकतो. घरात लहान मुलं असली की मात्र एखाद्या उपनगराने पसंत केल्याशिवाय भागत नाही, आणि मुलांच्या बाबतीत उपनगरं फार चिकित्सक असतात. शाळा सुरू व्हायच्या आत कुणी होकार दिला नाही तर श्रीनिवास एकटा जाणार आणि मी दोन मुलं घेऊन मागे राहणार, हे उघड होतं. मागे एकदा तो ट्रेनिंगला गेला होता तेव्हा आमची धाकटी रेवा रोज संध्याकाळी त्याचा शर्ट घालून जिन्यात बसायची आणि आत ये म्हटलं की नुसती मान हलवायची. तिला पुन्हा तसं बसलेलं बघायची माझी तयारी नव्हती. आम्हाला चौघांना एकत्र राहायचं होतं, बास.

स्थळं आणायचं काम श्रीनिवासच्या यमुनाआत्यांनी अंगावर घेतलं. अर्ध्या कऱ्हाडाची लग्नं त्यांनी जमवली आहेत आणि त्यातली बरीचशी टिकलीसुद्धा आहेत.

"मुलं तुमची गोड आहेत," आत्या म्हणाल्या. "फक्त थोरल्याला जरा गप्प बसायला सांगा आणि धाकटीला जरा बोलायला."

आता यातलं एकही आमच्या हातात नव्हतं. थोरला शंतनू दुसरीत होता आणि झोपेतही बडबडायचा. रेवा पाच वर्षांची. घरात तिचं तोंड मिटत नसे, पण बाहेरचं कुणी आलं की ती दिवाणाखाली जायची आणि पाहुणा जिना उतरून गेला की मगच बाहेर यायची.

पहिलं स्थळ आलं ते सूर्यकिरण एन्क्लेव्हचं. तरुण, उंच, अंगाला अजून रंगाचा वास. सोबत थोरला भाऊ म्हणून त्याचा रिंगरोड आला होता. दोघं सोफ्यावर बसले. शेवटचा टॉवर काही हॉलमध्ये मावेना, तो गॅलरीत उभा राहिला. उपनगर असं बघायला बाहेर पडलं तरी त्याच्यातल्या रहिवाशांना त्रास होत नाही. त्या दिवशी दूध जरा उशिरा येतं, इतकंच.

बोलणी सगळी रिंगरोडनेच केली.

"मुलाला काय काय येतं?"

"पोहता येतं," श्रीनिवास म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे, पाण्याची भीती नाही," तो म्हणाला.

"जरा चालून दाखव बाळ."

शंतनू खिडकीपर्यंत जाऊन परत आला आणि परत येताना त्याने एन्क्लेव्हला विचारलं की तुमच्या लिफ्टमध्ये माणसं अडकतात का, अडकली तर किती वेळ, आणि त्या वेळात त्यांना शू लागली तर ती काय करतात. एन्क्लेव्हने रिंगरोडकडे पाहिलं. रिंगरोडने विषय बदलला.

"मुलगी दिसत नाही?"

मुलगी दिवाणाखाली होती. बाहेरून तिच्या पायाची बोटं तेवढी दिसत होती. एन्क्लेव्ह वाकलं तशी तीही आत गेली.

"बोलत नाही का?"

"बोलते की. घरात बोलते," मी म्हणाले.

"आमच्याकडे बालमहोत्सव असतो. स्टेजवर यावं लागतं मुलांना."

"कळवतो," असं म्हणून दोघं गेले आणि चार दिवसांनी आत्यांकडे निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पस्तीस मजली इमारतींची कसली डोंबलाची पत्रिका! पण नकार द्यायची हीच सभ्य पद्धत आहे, त्यामुळे आम्हीही बरं म्हणालो.

त्यानंतर सरोवर विहार आलं. ते दिसायला फार देखणं होतं, शंतनूचे लिफ्टचे प्रश्नही त्याने हसून ऐकून घेतले. पोहे खाता खाता ते श्रीनिवासला म्हणालं, "मुलगा पसंत आहे आम्हाला. धाकटीला सध्या आजोळी ठेवता येईल का? थोडी मोकळी झाली की बघू."

मी उठले आणि त्याच्या हातातली बशी काढून घेतली. पोहे अर्धे राहिले होते.

"बशी काढून घेतलीस?" पाहुणे गेल्यावर आत्या म्हणाल्या. "अगं, चार ठिकाणी सांगेल ते. उद्या दारात कोण उभं राहील आपल्या?"

"नाही राहिलं तर नाही राहिलं."

बोलून बसले खरी, पण नंतर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी रडले. श्रीनिवास आला आणि भांडी पुसत उभा राहिला. त्याची एकट्याची बॅग भरायचे दिवस जवळ येत चालले होते आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

आत्या खरोखरच बरेच दिवस फिरकल्या नाहीत. मग एक दिवस आल्या आणि पंखा लावा, पाणी द्या, असं करत वेळ काढत बसल्या.

"एक स्थळ आहे," शेवटी म्हणाल्या. "चिंचमळा म्हणून. स्वभावाने अगदी गरीब. वय जरा आहे."

"किती?"

"आहे जरा. आणि बिजवर आहे."

म्हणजे त्याचं एकदा सगळं होऊन गेलेलं होतं. एके काळी चिंचमळ्यात घरटी दोन-तीन मुलं होती. ती मोठी झाली, शिकली आणि कुणी बंगळूरला तर कुणी परदेशात निघून गेली. आता तिथे नुसती मोठी माणसं उरली होती.

"आत्या, माझी मुलं काय मला जड झाली आहेत का, कुणा म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला?"

"बघायला काय हरकत आहे गं? बघितलं म्हणजे लगेच झालं का?"

चिंचमळा एकटाच आला, रविवारी दुपारी. दाराबाहेर त्याने आपला बसथांबा काढून ठेवला, भिंतीला नीट टेकवला आणि मगच आत पाऊल टाकलं. या, बसा, म्हटलं तर खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला. वाळत घातलेल्या पापडांचा वास येत होता त्याच्या अंगाला. बसताना तो जुन्या वस्त्यांसारखा जरा पसरला, काही बंगले सतरंजीवर आले, एकदोन गल्ल्या इकडेतिकडे सरकल्या. "राहू दे, राहू दे," आत्या म्हणाल्या, "घरच्यासारखं बसा." रेवा केव्हाच दिवाणाखाली गेली होती.

पोहे त्याने मन लावून खाल्ले आणि वर लिंबू मागून घेतलं. मग न विचारताच आपले दोष सांगायला लागला.

"पाणी एक दिवसाआड येतं. बागेतल्या घसरगुंडीला मध्ये भोक पडलंय. मुलांचे एक डॉक्टर होते चांगले, पण त्यांचीच मुलं त्यांना आपल्याकडे घेऊन गेली."

"आणि चांगलं काय आहे?" श्रीनिवासने विचारलं.

चिंचमळ्याने बराच विचार केला. "सावली आहे," तो म्हणाला.

"मुलांना काही विचारायचं असेल तर विचारा हं," आत्या म्हणाल्या.

"मुलांना काय विचारायचं?"

मग शंतनूनेच विचारलं. "तुमच्यात क्रिकेट खेळतात का?"

"खेळायचे. काचा फुटायच्या."

"मग?"

"मग नव्या बसवायच्या."

शंतनूला हे उत्तर इतकं पटलं की त्याला पुढचा प्रश्न सुचेना. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला तो म्हातारा आवडायला लागला होता, आणि आवडायला लागला म्हणून भीतीही वाटायला लागली होती.

चिंचमळ्याने बशी खाली ठेवली.

"एक सांगू का? मी नाही म्हणायलाच आलोय. निरोप धाडणं बरं दिसलं नसतं, म्हणून समक्ष आलो."

श्रीनिवासने मान खाली घातली. आत्यांनी उगीचच पदर सारखा केला.

"तुमच्यात काही कमी नाही," चिंचमळा म्हणाला. "मुलं येतात. आल्या आल्या सगळ्या कुत्र्यांना नावं देतात, भिंतींवर रेघोट्या मारतात, दुपारी कुणाला झोपू देत नाहीत. आपल्याला त्याची सवय होते. मग कधीतरी त्यांचे आवाज फुटतात. मग ट्रक येतो. शेवटचा ट्रक गेला तेव्हापासून माझ्याकडे संध्याकाळी फार शांत असतं हो. पुन्हा ते सगळं माझ्याच्यानं नाही व्हायचं."

पत्रिका जुळत नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. मी नुसती खाली बघत राहिले, आणि खाली बघता बघता माझ्या लक्षात आलं की दिवाणाखालून रेवाची बोटं दिसत नाहीत.

मी वाकून पाहिलं. तिथे रेवा नव्हती. तिथे एक गल्ली होती. मघाशी चिंचमळा पसरून बसला तेव्हा त्याची एक गल्ली दिवाणाखाली सरकली होती, दोन्ही बाजूंना कुंपणाची मेंदी, मध्ये ऊन.

"रेवा!" मी ओरडले.

"अगंबाई!" आत्यांनी तोंडावर हात ठेवला. "ठरायच्या आधीच मुलगी आत गेली! लोक काय म्हणतील?"

श्रीनिवास दिवाणाखाली घुसायला निघाला, पण चिंचमळ्याने त्याला हाताने थांबवलं. त्याच्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या होत्या.

"थांबा. धावत गेलात तर घाबरेल. आहे ती. करंजाच्या झाडाखाली उभी आहे. पायात चप्पल नाही तिच्या."

"काय करतेय?"

"कुत्र्याकडे बघतेय. तो काही करत नाही, दात नाहीत त्याला. समोरच्या बंगल्यातल्या लेलेबाईंनी पाहिलं. बाहेर आल्या. त्यांना पायऱ्या उतरवत नाहीत खरं म्हणजे, वर्ष झालं त्यांना खाली येऊन. उतरतायत. कठड्याला धरा, कठड्याला धरा... उतरल्या. नाव विचारतायत तिला."

"ती नाही सांगणार," मी म्हणाले. "बाहेरच्या कुणाशी बोलत नाही हो ती. त्यांना सांगा ना काहीतरी, नुसतं जवळ घ्या म्हणावं."

"सांगितलं."

"काय सांगितलं तुम्ही?"

"मी नाही. तिने सांगितलं. रेवा श्रीनिवास कुंभोजकर."

श्रीनिवास दिवाणाशी वाकून कान देऊन ऐकायला लागला.

"आता कुठे राहतेस म्हणून विचारतायत," चिंचमळा म्हणाला.

"काय म्हणाली?"

"म्हणते, अजून ठरायचंय."

चिंचमळ्याच्या आत कुठेतरी दारं उघडल्याचे आवाज येत होते, एकामागून एक. कुणीतरी लाडवाचा डबा कुठे ठेवलाय म्हणून विचारत होतं. कुणीतरी जोरात हसलं आणि त्या हसण्यात एक आवाज रेवाचा होता. घरातला, मोकळा.

चिंचमळा ते ऐकत बसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मोठी होऊन ही पण जाईल ना?"

आत्या मला डोळ्यांनी खुणावत होत्या. लग्नं जमवताना अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. पण माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

"जाईल," मी म्हणाले. "दोघंही जातील. पण तेव्हा आम्ही दोघं तुमच्यातच असू. तुम्हाला एकट्याला नाही बसावं लागणार."

चिंचमळ्याने पुष्कळ वेळ मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळेना. श्रीनिवास गुडघ्यांवर बसला आणि दिवाणाखाली तोंड घालून त्याने हाक मारली, "रेवा, चल बाळा, घरी ये."

लांबून, मेंदीच्या कुंपणापलीकडून, तिचं उत्तर आलं. "बाबा, तुम्ही या ना सगळे!"

आत्यांनी पदर खोचला. कितीही झालं तरी रीत ती रीत. "मग काय समजायचं आम्ही?" त्यांनी चिंचमळ्याला विचारलं. "होकार समजायचा का?"

"मुलीने बोलावलंय," चिंचमळा म्हणाला. "आता मी नाही कसा म्हणू?"

आम्ही दिवाण भिंतीकडे सरकवला. श्रीनिवासने शंतनूचा हात धरला, मी श्रीनिवासचा धरला आणि आम्ही आत गेलो. सामान यमुनाआत्यांनी मागाहून पाठवलं.