पयले भांडी ले!

सरलाताईशी माझं पहिलं भांडण झालं तेव्हा मी अजून रिक्षातून उतरलेही नव्हते.

एक पाय आत, एक पाय बाहेर, मांडीवर वळकटी. आणि समोर ओट्यावर उभी राहून ती अहिराणीत ओरडत होती, "नळ सकाळले येस. तू झोपी ऱ्हाशी, माले माहीत शे! मंग मन्ही बादली लेशी. मन्ही बादलीले हात लावानं काम नही!"

मी सांगलीहून रात्रभर एसटीत अंग मोडून आले होते. बादली कुणाची, ही बाई कोण, आणि माझ्या झोपेशी हिचा काय संबंध, काहीच कळेना. तरी मीही ओरडले. मी काही गरीब गाय नाही. रिक्षावाल्यानं मात्र शांतपणे सामान उतरवलं आणि म्हणाला, "झायं ना भांडन? आते वरीसभर तुले काळजी नही."

सरलाताई शहाद्याजवळ लोणखेड्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. चाळिशीची, एकटी, हाडकुळी. आवाज मात्र तापीपार जाईल असा. आमची संस्था दरवर्षी एका मुलीला एक वर्षाच्या सेवेसाठी या भागात पाठवते आणि तिची राहायची सोय सरलाताईच्या खोलीत करते. त्या वर्षीची मुलगी मी. तोरणमाळच्या वाटेवरच्या पाड्यांत पुस्तकं न्यायची, पोरांना वाचून दाखवायची, हे माझं काम. सरलाताईचं काम भांडण्याचं.

पण तिची पद्धत वेगळी. आपण माणसानं चूक केली की भांडतो. ती चूक व्हायच्या आधी भांडते. "पयले भांडी ले, मंग निवांत ऱ्हाय," हे तिचं तत्त्वज्ञान. आधी भांडून घे, मग निवांत राहा. गॅसवाल्यानं उशीर करायच्या आधी ती त्याच्या दुकानात जाऊन उशिराबद्दल झाडून येते. भावजया फराळावरून टोमणे मारणार म्हणून त्यांच्याशी दसऱ्यालाच भांडण उरकते. त्यामुळे तापीकाठी भावांच्या केळीच्या बागा असूनही दिवाळीला ती खोलीतच असते. निवांत.

कामाच्या पहिल्या दिवशी ती माझ्यासोबत जीपस्टँडवर आली आणि ड्रायव्हरवर तुटून पडली. "या पोरीले मांगे कोंबशी ना तू? बोकड्यासंगे बसाडशी ना?"

"ताई, मी तं गाडी बी चालू करी नही!"

"करशी तवय ध्यानमा ठेव! पुढली सीट!"

लाजेनं मी पुस्तकांच्या पिशवीमागे तोंड लपवलं. पण वर्षभर, जीप कितीही खच्चून भरली तरी, पुढची सीट माझ्यासाठी रिकामी असायची.

सुरुवातीला मी तिला 'अहो सरलाताई' म्हणायचे. त्यावरूनही भांडण झालं. "मी काय तुन्ही सासू शे?" मग 'अगं' झालं. दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा ताटात वाढताना ती म्हणायची, "आते रडशी. मंग मायले फोन करशी, सरला माले मिरच्या चारस." मी हट्टानं खायचे आणि खरंच रडायचे. मग ती शिव्या देत दह्याची वाटी पुढे सरकवायची. ती वाटी आधीपासूनच भरून ठेवलेली असायची, हे माझ्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

पावसाळ्यात मला सणकून ताप आला. संस्थेच्या सरांना फोन केला, तर मी काही बोलायच्या आत त्यांनीच घाईघाईनं सांगितलं, "सुट्टी घ्या, हवी तेवढी घ्या. सरलाताईंशी आमचं मागच्याच महिन्यात बोलणं झालंय." काय 'बोलणं' झालं असेल ते सरांच्या आवाजावरून कळत होतं. तापात मी ठरवलं, बास झालं, घरी जायचं. सरलाताई कॉलेजला न जाता माझ्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसली होती. घरी जाते म्हटल्यावर तिनं फडकं थापकन आपटलं.

"जाय ना! मी काय बांधी ठेयेल शे? पन आते तुले उभं बी ऱ्हाता येत नही. पयले बरी व्हय, मंग जाय."

बरी झाले. गेले नाही.

आता खरं रागाचं सांगते. वर्ष संपत आलं, शेवटचा महिना उरला, आणि एका सकाळी सरलाताईनं कुकरच्या रिंगवरून आकाशपाताळ एक केलं. मी म्हणे रिंग उन्हात ठेवली. मी ठेवली नव्हती. ठेवली असती तरी त्या रिंगचं काय वाळवण होणार होतं? मी कडाकडा भांडले. सवयीनं वाटलं, चहापर्यंत मिटेल. पण ती एकदम थंड झाली आणि शाळेतल्या बाईंसारख्या शुद्ध मराठीत म्हणाली, "आपण आपल्या वस्तू आपल्या बाजूला ठेवाव्यात."

आपण!

ती शुद्ध मराठी फक्त कॉलेजातल्या साहेबांशी बोलायची, आणि ज्यांचं तोंड पाहायची इच्छा नसे त्यांच्याशी. त्या दिवसापासून चहा एकाच कपाचा. भाकरी वेगळी. "आपला टॉवेल." "आपला दिवा मालवाल का?" महिनाभर हे. मला इतका संताप यायचा की पाड्यावर गोष्टीतला वाघ मी जरा जास्तच रागानं वाचायचे.

त्यातच संस्थेचा, ठिकठिकाणी पाठवलेल्या सगळ्या मुलामुलींचा निरोपसमारंभ. सगळ्यांनी गोल बसून, मेणबत्ती हातात घेऊन, आपापल्या रूममेटबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची होती. एकजण रडला, दुसरीनं कविता म्हटली. माझी पाळी आली तेव्हा मी मेणबत्ती पुढच्याच्या हातात दिली. काय सांगणार? जिच्यामुळे मी वर्षभर टिकले, तिनं माझा कुकर वेगळा केलाय?

घरमालकीण जिजीला मी शेवटी विचारलंच, माझं चुकलं तरी काय. जिजी शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुन्हं काही नही चुकनं. दर साल हाईच शे. पयलीसंगे बादलीवरथून भांडनी, दुसरीसंगे खिडकीवरथून. पोरना जावाना दिन जवळ उना का ती भांडी लेस. पोर रागमा निंघी जास. मंग रडानं काम नही."

"आणि मग?"

"मंग काय? नवी पोर येस तवलोंग भिताडासंगे बोलस."

"गेलेल्या मुली फोन करतात?"

"रागमा गयेल मानूस कसाले फोन करी?"

मला गहिवरून वगैरे आलं नाही. माझा राग दुप्पट झाला. आमच्या दोघींचा निरोप हिनं एकटीनंच उरकून टाकला होता, मला न विचारता! मी तडक खोलीत गेले आणि म्हटलं, "ताई, थँक्यू."

"आपण बसचं वेळापत्रक पाहिलंत का?" ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

निघायच्या दिवशी ती न बोलताच कॉलेजला गेली. मी एकटीच सामान घेऊन शहाद्याच्या स्टँडवर पोचले, तर माझ्या गाडीपाशी हा गलका. सरलाताई कंडक्टरला दारात अडवून उभी होती.

"घाटमा पोरीले उलटी व्हस! तुम्ही गाडी थांबाडशात का? नही थांबाडशात, माले माहीत शे!"

"ओ ताई, गाडी आजून सुटनी बी नही!"

मला पाहिलं आणि तिचा चेहरा शाळा भरल्यासारखा झाला. "आपली जागा खिडकीजवळ आहे," ती म्हणाली आणि चालू लागली.

मी आत चढले, खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि माझ्या मोडक्या अहिराणीत सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, "सरलाताई! दिवाळीले मी येसु! तू दार बंद करी लेशी, माले माहीत शे! मी ओट्यावर बठसु! आनि रागमा मी जास नही, समजनं का? तुले भांडानं शे तं भांड, पन मी जास नही रागमा!"

ती थांबली. वळली. गाडी हलली होती. कंडक्टर, भेळवाला, सगळे तिच्याकडे बघत होते.

"येशी ना दिवाळीले?" ती गाडीमागे चालत ओरडली. "आनि फोन बी करशी नही! एकदम ईसन उभी ऱ्हाशी! मी काय तुन्ही वाट देखत बठू का? फोन करशी? नही करशी तू!"

गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आत मी फोन लावला. मागे वळून पाहिलं तर ती स्टँडच्या मधोमध उभी होती, एक कान हातानं झाकून, दुसऱ्याला फोन लावून.

"काय शे?"

"काही नाही. मला थँक्यू म्हणू दिलं नाहीस ना, ते म्हणायचं होतं. मला खूप राग आलाय तुझा. थँक्यू."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती खेकसली,

"डोकं मझार ले पयले! समोरथून ट्रक ई ऱ्हायना!"

मी डोकं आत घेतलं.