काठोकाठ सम्पाचा हुकूम

श्रीवरुणा, तूच सांभाळ; दरबार सांभाळीत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाखमासी, तिसऱ्या मजल्यावरील एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

महाराज दत्ताजीराव राज्य करीत आणि राणीसाहेब अंबूताई ते चालवीत. राणीसाहेबांपाशी दोन ऑस्कर मासे होते, ते त्यांच्या हातून दाणे खात. त्यांस पाहोन धावत येणारे राज्यात दुसरे कोणी उरले नव्हते. मग कन्येचे लग्न ठरू लागले आणि व्याह्यांचे डोळे दिपावे म्हणोन महाराजांनी दिवाणखान्यात थोर काचटाकी आणविली. दुकानदार बोलिला, "साहेब, खाली कपाटात दुसरी टाकी लागते, सम्प म्हणतात. वरचं पाणी त्यात उतरून गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. सम्प मोठा घ्या आणि अर्धा रिकामा ठेवा. लाइट गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी थोडा वेळ उतरतच राहतं."

तेव्हा राणीसाहेबांचे सख्खे बंधू, प्रधान विष्णुपंत, हसोन वदले, "म्हणजे दाजी, निम्मी टाकी हवा ठेवायला. मग चांदीची ताटं कुठे ठेवायची?" सबब कपाटात आधी ताटे बसविली आणि उरल्या फटीत मावेल तो सम्प मुक्रर जाहला. मग पूजेसमयी महाराजांनी हुकूम केला, "आमच्या घराण्यात शुभकार्याला अर्धं भांडं चालत नाही. काठोकाठ भरा."

राणीसाहेब बोलिल्या, "अहो, भात उतू जाईल म्हणून पातेल्यात जागा ठेवते ना मी? तशी ठेवा की."

"तुझा भात तुझ्यापाशी," महाराज म्हणाले, आणि हळदकुंकू वाहोन सम्प काठोकाठ भरला व राणीसाहेबांचे दोन्ही मासे वरच्या टाकीत सोडिले.

मग व्याही आले, सरबत आले आणि वीज गेली. वरचे पाणी खाली उतरले, सम्पात मावेना, ते कपाटातून निघोन गालिच्यावर आणि तेथून विहीणबाईंच्या पैठणीस पोचले. विहीणबाई पाय वर घेत बोलिल्या, "तुमच्याकडे पाण्याचं सुख आहे हो."

वीज आली, पंप घरघरला आणि पंत म्हणाले, "झालं, चालू झालं." परंतु सांडले ते पाणी पुन्हा कोणी भरले नाही; अवघी मंडळी रुसवा काढावयास व्याह्यांच्या गावी निघाली. राणीसाहेब म्हणाल्या, "मी थांबते. मासे आहेत."

पंत म्हणाले, "ताई, पोरीचं लग्न मोठं का मासे?" आणि त्यांस गाडीत बसविले.

परतोन येता सम्प आटोन पंप कोरडा चालोन जळालेला, पाणी गढूळ आणि दोन्ही मासे उताणे तरंगत होते. राणीसाहेबांनी ते स्वहस्ते काढोन गुलाबाच्या कुंडीत पुरले. महाराज बोलिले, "माती दाब नीट, वास येईल."

मग चौकशी बसली. पंतांनी निवाडा दिला की सम्प मोठा होता म्हणोन एवढे पाणी सांडले; लहान असता तर थोडके सांडते. महाराजांस हे फार मानवले. याहून लहान सम्प आला, तोही काठोकाठ भरला, आणि पंतांस शालजोडी दिली. नवे मासे आणिले. त्यांस दाणे घालावयास राणीसाहेब उठल्या नाहीत.

सारांश, त्या राज्यात ताटांस जागा होती, पंतांस होती, पाण्यास तेवढी नव्हती. इतके लिहोन लेखणी उन्हात वाळत घातली.