हिरोशिमाच्या तव्यावर ओसाकाचं पीठ

दुकानातली बाई म्हणाली, “हिरोशिमाचं पीठ संपलंय. ओसाकाचं देऊ?” मी म्हणाले, “चालेल.” माझा गुन्हा एवढाच. (हा गुन्हाच नव्हे, असं माझं अजूनही म्हणणं आहे. घरात ते कोणी ऐकत नाही.)

आमच्या मारिंगा शहरात हिरोशिमाकरांचं मंडळ आहे. त्यातल्या बहुतेकांनी हिरोशिमा पाहिलेलं नाही. आजोबांनीही नाही. त्यांना आम्ही दिचान म्हणतो. जन्म इथलाच, ब्राझीलमधल्या कॉफीच्या मळ्यातला. पण जत्रेत मंडळाचा धिरड्यांचा ठेला लागला, की असे उभे राहतात, जणू कालच बोटीतून उतरलेत.

ठेल्याचा नियम असा, की तवा पुरुषांचा आणि कोबी बायकांचा. आईनं बावीस वर्षं कोबी चिरला. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मीही तेच करायचं? भर सभेत उभी राहिले आणि विचारलं, “उलथनं काय मिशीनं धरतात?”

मंडळाचे अध्यक्ष दिचानच. दिचान म्हणाले, “एक वर्ष देतो, जुसारा. जमलं तर तवा बायकांचा. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. पीठ मात्र हिरोशिमाचंच हवं.”

“पीठ ते पीठ, दिचान!”

रात्रभराचा प्रवास करून साओ पाउलोला गेले. तिथल्या जपानी दुकानात काय झालं, ते वर सांगितलंच. पिशव्या घरी आणून मी आधी बादलीत रिकाम्या केल्या. (विज्ञानात याला पुरावा नष्ट करणं म्हणत नाहीत.)

आता आमचं धिरडं म्हणजे कागदासारखा पातळ पापुद्रा. त्यावर कोबीचा डोंगर, डुकराचं मांस, शेवया, आणि मग एका झटक्यात सगळं उलटायचं. ओसाकावाले सगळं पिठातच कालवून जाडजूड भाजतात. म्हणून त्यांच्या पिठात चिकट कंदाची पूड असते आणि फुगवायची पावडरही. हे सगळं पिशवीवर छापलेलं होतं. ज्या पिशव्या मी फेकल्या, त्यांच्यावर.

जत्रेत पहिलं धिरडं घातलं. ते पसरेना. फुगलं, आणखी फुगलं, त्याची उशी झाली. उशीवर डोंगर रचला आणि दिला झटका. शेवया थेट नाकानिशीकाकांच्या बुटांवर. काका शेजारच्या ओसाका मंडळाच्या ठेल्याचे प्रमुख.

“वा, मोरिशिगे!” काका दिचानना म्हणाले. “शेवटी आमच्यात आलात म्हणायचं! हा फुगवटा तर आमच्या घरचा!”

दिचाननी पिठात बोट बुडवून चाटलं.

“जुसारा, हे पीठ कुठलं?”

“जपानचं.”

“जपान मोठा आहे.”

“तुम्ही तरी कुठे गेला होतात हिरोशिमाला?” मी उसळले. (आवाजही पिठासारखाच फुगला होता.)

समोर चाळीस माणसांची रांग. मागच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्याबरोबर त्यांच्याही हातचा तवा चालला होता.

आईनं सुरी ठेवली, हात पुसले. साध्या गव्हाच्या पिठाचे चार डाव बादलीत टाकले, वर तांब्याभर पाणी ओतलं, ढवळलं आणि म्हणाली, “सरक.”

पापुद्रा पसरला. डोंगर चढला. झटका बसला. शेवयांची एक काडीसुद्धा हलली नाही.

“आई, तुला कसं येतं?”

“बावीस वर्षं समोरच उभी आहे. कोबी चिरताना माझे डोळे कोणी बांधले नव्हते.”

संध्याकाळपर्यंत रांग हटली नाही. नाकानिशीकाकांनी दोन धिरडी खाल्ली, दुसरं पाठ फिरवून.

पुढच्या रविवारी सभेत दिचाननी स्वतःच ठराव मांडला. यापुढे तवा बायकांचा. एकमतानं मंजूर! मी आभाराचं भाषण काढलं. चार पानं होती.

“बस खाली,” दिचान म्हणाले. “तवा तुझ्या आईचा.”

थोडक्यात, मंडळाच्या इतिहासात तव्यावर उभी राहिलेली पहिली स्त्री मी, आणि तव्यावरून काढलेलीही मीच. आता रिकामे झालेले पुरुषही कोबीलाच बसतात. माझ्या शेजारी दिचान असतात. आयुष्यात पहिल्यांदा हातात सुरी धरलीय त्यांनी, आणि चिरतात माझ्यापेक्षा बारीक.