नातीच्या प्रवेशाची लाइन मी कशी जोडली

फोनवर माणूस कसा गाठायचा, हे निदान मला तरी कुणी शिकवू नये! सगळी नोकरी मी एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर काढली. साहेब आंघोळीला गेलेले असोत, नाहीतर बायकोवर रुसून मेहुण्याकडे जाऊन बसलेले असोत, मी त्यांना हुडकून लाइनवर आणायचेच. नुसत्या खोकल्यावरून मी माणूस ओळखत असे!

आणि अशा माझ्या घरात माझी नात एका बाईंना चार ओळींची मेल लिहायला आठवडाभर नखं खात बसली होती!

नातीला आम्ही मुंगी म्हणतो. तिला एका नामांकित विद्यापीठात जायचं होतं. तिथे अर्ज येतात ढिगानं आणि मुलं घेतात मूठभर. प्रत्येक भागासाठी त्यांचा एक प्रवेश-प्रतिनिधी असतो. आपला अर्ज पहिल्यांदा वाचणार तोच आणि शंका विचारायच्या त्यालाच. आमच्या वाट्याला एक बाई आल्या होत्या.

"अगं, नंबर दिलाय ना त्यांनी? मग लाव फोन! नाहीतर मी लावते."

"आई, नको हं!" सूनबाई ओले हात तसेच घेऊन धावत आली. "तिथे उमेदवारानं स्वतःच बोलायचं असतं. घरच्यांनी नाक खुपसलं की मुलीबद्दल वाईट मत होतं."

"मी कुठे नाक खुपसते?"

यावर माझा मुलगा वर्तमानपत्रामागून नुसता खोकला. तो खोकला मी चांगला ओळखते!

अखेर मेल गेली. बाईंचं उत्तर आलं, शनिवारी सकाळी व्हिडिओवर बोलू या. शनिवारी मुंगी इस्त्रीचा सदरा घालून खोलीत गेली. दार लावताना एवढंच म्हणाली, "आजी, आज प्लीज!"

मी आपली स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले होते. शेजारी घरातला टॅब. सगळ्यांच्या मेल त्याच्यावरच येतात. तो टुणकन वाजला आणि पडद्यावर बटण आलं, 'सामील व्हा'. आता चालू लाइन समोर दिसतेय आणि बोर्डावरच्या बाईनं कान लावला नाही, असं कधी झालंय? आमची एक पद्धत होती. बोर्डावरची त्या लाइनची किल्ली अलगद सरकवायची, तोंडावर हात ठेवायचा, श्वास रोखायचा. बोलणाऱ्यांना पत्ताच लागत नसे. मी बटण दाबलं, तोंडावर हात ठेवला आणि श्वास रोखला.

एका चौकटीत बाई, दुसरीत मुंगी आणि तिसरीत डोळे वटारून, तोंड दाबून बसलेली कुणी म्हातारी. माझा चष्मा डोक्यावर होता. मला वाटलं, बाईंच्या वरच्या साहेबीण असतील. दिसायला भलत्याच खडूस!

"तुला आमच्याकडेच का यायचंय?" बाईंनी विचारलं.

मुंगीनं तोंड उघडलं, पडद्याकडे पाहिलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं! या प्रश्नाचं उत्तर तिनं इतकं घोकलं होतं की मलाही पाठ झालं होतं. पण आता शब्द फुटेना. बाई वाट बघतायत, खडूस म्हातारी डोळे फाडून बघतेय आणि माझा श्वास संपत आलेला!

लाइन अशी मुकी झाली की ऑपरेटरनं विचारायचंच असतं. माझ्या तोंडून जुन्या गोड आवाजात आपोआप निघून गेलं, "हॅलो, बोलणं झालं का? लाइन सोडू?"

उत्तर आलं नाही, म्हणून सवयीनं मी लाइन सोडलीसुद्धा! लाल बटण दाबलं आणि पडदा काळा!

पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि मी मध्येच लाइन तोडली! आता तुटलेली लाइन जोडून द्यायला नको? बाईंच्या कचेरीचा नंबर मला पाठ होता. (कधी केला, ते विचारू नका.) घरच्या फोनवरून लावला. त्या लाल बटणानं फक्त मीच बाहेर पडले होते आणि त्या दोघी अजून समोरासमोरच होत्या, हे मला काय ठाऊक!

"माफ करा हं बाई, लाइन तुटली होती. धरून ठेवा, मुलीला जोडून देते!"

"आपण कोण?"

"ऑपरेटर!"

पलीकडे खट्ट आवाज झाला. बाईंनी रिसीव्हर टेबलावर ठेवला असावा, कारण त्यांचा आवाज लांबून आला. "तुमच्या घरी ऑपरेटर आहे?"

"ती माझी आजी आहे," मुंगीचा रडवेला आवाज. "मघाशी पडद्यावर होती, तीसुद्धा आजीच."

म्हणजे ती खडूस...! मी चष्मा नाकावर ओढला, पण आता काय उपयोग?

"बरं. माझा प्रश्न तसाच राहिला," बाई म्हणाल्या. "आमच्याकडेच का?"

"कारण तुमचं विद्यापीठ आमच्या घरापासून सगळ्यात लांब आहे!" मुंगी फाडकन म्हणाली. "मला एक तरी फोन एकटीनं करायचाय!"

बाई इतक्या हसल्या की टेबलावरचा रिसीव्हर खडखडला. मग मुंगी जी सुटली! पाठ केलेलं एक अक्षर नाही. पूल कसे बांधतात, यापेक्षा ते का कोसळतात हे तिला शिकायचं होतं. लहानपणी बघितलेल्या एका पडक्या पुलाबद्दल ती केवढं तरी बोलली. साऱ्या कचेरीची गुपितं ऐकलेली मी, पण घरातलं हे मला ठाऊकच नव्हतं! हळूच रिसीव्हर खाली ठेवला. अर्थात, सगळं ऐकून झाल्यावर.

नंतर घरात जे झालं, ते सांगत नाही. सूनबाईनं टॅब कपाटात ठेवून कुलूप लावलं. मुंगी माझ्याशी मानेनंच बोलायची, हो किंवा नाही. प्रवेश मिळाला नाही तर हे पाप कुणाच्या माथी येणार, हे न कळण्याइतकी मी म्हातारी नाही. माझं जेवणसुद्धा कमी झालं.

मग एका दुपारी घरचा फोन वाजला.

"ऑपरेटर का?" बाई स्वतः! "नातीला देता? बातमी तिलाच सांगायचीय."

मुकाट्यानं दिला. मुंगी फोन घेऊन खोलीत गेली आणि सूनबाई दाराला पाठ लावून पहारेकऱ्यासारखी उभी राहिली. मी पाय न वाजवता दोन पावलं पुढे सरकले.

"आई!"

मी दोन पावलं मागे आले. तेवढ्यात आतून किंकाळी! दार उघडलं आणि मुंगीनं सगळ्यात आधी मला येऊन मिठी मारली. मिळाला! प्रवेश मिळाला! जरा वेळानं डोळे पुसले आणि सहज विचारलं,

"बाई माझ्याबद्दल काही म्हणाल्या का गं?"

"म्हणाल्या ना, आजी. प्रवेश एकीलाच दिलाय!"