दोन कपांचा शक

सकाळी सकाळी कोणी दारावर काठी आपटून "जित्ता शे का रे?" असं विचारलं, तर माणसानं रागवावं की बरं वाटून घ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हसावदला आमच्या गल्लीत दगाजी आप्पा हा प्रश्न रोज विचारतात. सगळ्यांना नाही हं, घरात एकटं राहणाऱ्यांनाच. माझी बायको माहेरी गेली की तेवढे दिवस मीही त्यांच्या फेरीत येतो. "डॉक्टर, जित्ता शे का?" मी आतून "शे, आप्पा" म्हणालो की काठी पुढच्या दाराकडे निघते. समजा, मी नसतोच जिवंत, तर तुम्ही काय केलं असतं, असं मी एकदा विचारलं. आप्पा म्हणाले, "हात लावाव नही. पैले फोटो काढसू."

पुढचं दार सुनंदाचं. नवरा गेल्यापासून ती पिठाची गिरणी एकटीनं चालवते, त्यामुळे तिचा आवाज कायम पट्ट्याच्या घरघरीच्या वर चढलेला असतो. "जित्ती शे, आप्पा! तुम्ही शेत ना?" ती उलट विचारते. आप्पा याचं उत्तर देत नाहीत. प्रश्न विचारायचं काम आपलं, असा त्यांचा समज आहे.

मी डॉक्टर नाही, हे सांगून टाकतो. स्टँडजवळ माझं मेडिकल आहे. पण आप्पा पांढरा कोट घालणाऱ्या सगळ्यांनाच डॉक्टर म्हणतात, कारण त्यांची सारी नोकरी ढोरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून झाली. मेलेल्या बैलांची चिरफाड व्हायची तेव्हा हत्यारं हातात देण्याचं काम त्यांच्याकडे असे. त्या जोरावर मरण या विषयात आपल्याला सगळं कळतं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. कोणीही गेल्याचं कळलं की ते पहिल्यांदा विचारतात, "पोट फुगेल व्हतं का?" एका पुढाऱ्याच्या शोकसभेत त्यांनी हे विचारलं, तेव्हापासून शोकसभेत त्यांची खुर्ची शेवटच्या रांगेत असते.

या माणसाच्या हाती एक खरंखुरं खुनाचं प्रकरण लागलं, ही आमच्या गावाच्या नशिबाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूला आणि पलीकडे गुजरातच्या हद्दीत, मळ्यातल्या घरांत एकटी राहणारी चार म्हातारी माणसं एकामागून एक मारली गेली. चोरी झाली नव्हती, भांडण कुणाचं नव्हतं. पोलीस आले, कुत्री आली, पेपरवाले आले, आणि कोणीही सापडलं नाही. लोक काही महिने कड्या लावून घरात झोपले. मग उकाडा सुरू झाला आणि खाटा पुन्हा अंगणात आल्या.

आप्पा मात्र तिथेच थांबले. चारही घरांत स्वयंपाकाच्या ओट्यावर चहाचे दोन कप सापडले होते, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात घट्ट बसली. "एकला मानूस आनि दोन कप. सांग डॉक्टर, दुसरा कप कोना?" असं म्हणून ते माझ्याकडे असे बघत, की मलाच घाम फुटावा. उत्तरही त्यांच्याकडे तयार होतं. चहा कोणाला देतात? येणाऱ्या-जाणाऱ्याला. तेव्हा खुनी वळखना शे, म्हणजे ओळखीचाच.

माझ्या दुकानापुढच्या बाकावर रोज संध्याकाळी आमची तपाससभा भरायची. आप्पा, मी आणि केळीचे बागाईतदार रमणभाई. रमणभाईंची पद्धत सरळ होती. ज्यानं त्यांना फसवलं तो खुनी. आधी खतवाला होता, मग रोपवाला, मधे काही दिवस त्यांचे स्वतःचे व्याही होते. केळीचा भाव पडला की व्यापाऱ्यावरचा संशय पुन्हा वर यायचा. आप्पा हे सगळं ऐकून घेत आणि डोळे मिटून म्हणत, "मन्हा शक शे, पन मी सांगाव नही." एवढं बोलून ते बाकावर पुढे सरकत आणि सांगून टाकत.

चार घरी चहा मिळू शकेल असा प्रत्येक माणूस संशयित. पोस्टमन झाला, विम्याचा एजंट झाला, कीर्तनकार झाले. एक अख्खा उन्हाळा मी संशयित होतो. त्या काळात आप्पा माझ्याकडून बीपीच्या गोळ्या नेत, पण माझ्या दुकानातला चहा घेत नसत. मला वाईट वाटलं असं नाही, पण गोळ्यांवर विश्वास आणि चहावर नाही, हे कोडं मला सुटलं नाही.

यंदा थंडीत आप्पा धापा टाकत आले आणि न विचारता नाव सांगून मोकळे झाले. ब्राह्मणपुरीचा हिरालाल. पाणबुडी मोटारी दुरुस्त करतो, मळ्यामळ्यांत फिरतो, विहिरीवर गेला की सगळीकडे चहा मिळतो. वय चाळिशीच्या आसपास, लग्न नाही, एकटा राहतो. शिवाय चारपैकी दोन मळ्यांवर त्यानं मोटर काढली होती. पोलिसांकडे जाण्याआधी गावात चौकशी करायची, असं ठरलं. रमणभाईंची जीप निघाली. वाटेत आप्पांनी एकच सूचना दिली, "त्याना घरमा काही पेवानं नही."

ब्राह्मणपुरीत शिरल्यावर पहिल्याच ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आप्पांनी नमस्कार केला आणि विचारलं, "हिरालाल कसा मानूस शे, बाई?"

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. "गाय शे, गाय."

"दारू पेस का?"

"थेंब नही."

"राग कसा शे त्याना? राते कोठे जास?"

"कोठे जाई बिचारा? घरमाच ऱ्हास, एकलाच." मग तिनं आम्हा तिघांना नीट न्याहाळलं आणि हसत विचारलं, "पोर कोठली शे?"

रमणभाई माझ्या कानात म्हणाले, "पोर? चारी म्हातारा व्हतात ना?"

पानटपरीवर हेच प्रश्न, दूध डेअरीवर हेच प्रश्न, आणि सगळीकडे आमचं स्वागत जरा जास्तच होत होतं. डेअरीवाल्यानं न विचारता हिरालालची शेती सांगितली. एकानं त्याचे मामा कोण, हेही सांगितलं. तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्ही हिरालालच्या दारात पोहोचलो, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

अंगणात नुकतंच पाणी मारलं होतं. जळक्या मोटारी कोपऱ्यात सरकवून त्यांच्यावर फुलांची चादर टाकली होती. शेजारून आणलेल्या खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. ओले केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून हिरालाल दारात उभा होता. शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. आम्हाला बघताच तो पुढे आला आणि एकेकाच्या पाया पडला. रमणभाईंनी घाबरून पाय खुर्चीखाली घेतले. लग्नाच्या मुलाची चौकशी करायला येणारी माणसं जे विचारतात, तेच सगळं आम्ही गावभर विचारत फिरलो होतो. या माणसाच्या दारात इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहुणे आले होते, आणि ते आम्ही होतो.

मी आप्पांना खूण केली. आप्पा तपासात होते, त्यांना माझी खूण दिसली नाही. तेवढ्यात ट्रेमधून चहा आला. आम्ही तिघंही कपांकडे बघत बसलो.

"सकायमा चहा कोन करस?" आप्पांनी सुरुवात केली.

"मीच करस."

"कितला कप?"

"दोन."

रमणभाईंनी माझा गुडघा इतका घट्ट धरला की मी ओरडणारच होतो. आप्पा हळूच पुढे वाकले. "एकला ऱ्हास ना तू? मंग दुसरा कोना?"

हिरालाल ओशाळून हसला. "मायना. माय गयी, पन हातले सवय शे. हात दोनच कप काढस. मंग एक पडी ऱ्हास, थंडा व्हई जास."

आप्पा मागे टेकले आणि समोरच्या कपाकडे बघत राहिले. चहावर साय धरली. हिरालाल आमच्या तोंडाकडे बघत होता, मग कपांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. सोयरीक बघायला आलेल्यानं चहाला हात लावला नाही, तर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो. हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

"आप्पा," तो म्हणाला, "काही कमी शे का? घर लहान शे, माले मालूम शे. मी बांधी लिसू."

असं वाटलं की इथून उठून पळून जावं. खरं सांगायची सोय नव्हती. तू खुनी आहेस का ते बघायला आलो होतो, हे त्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून कोण सांगणार? पण आप्पांनी कप उचलला. सायीसकट, एका दमात प्यायले. मग रमणभाईंचा हात कपाकडे जात नाही असं बघून त्यांचाही कप प्यायले. मी माझा स्वतःच घेतला. चहा चांगला होता, आलं घातलं होतं.

"पसंत शे," आप्पा म्हणाले.

परतीच्या वाटेवर उसाच्या शेतांपाशी आल्यावर आप्पांनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून बांधावर बसले. "दुसरा कप कोनाच नही व्हता, डॉक्टर," ते म्हणाले. "तठे चहा पेवाले कोनीच नही उनं. त्या चारी एकलाच व्हतात."

"कोणी आलंच नव्हतं, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"मी बी दोनच काढस."

आप्पांची बायको, आमच्या शांताकाकू, जाऊन किती वर्षं झाली! मी आतून त्यांना "शे, आप्पा" म्हणतो, रोज बाकावर त्यांच्याशी बडबडतो, आणि सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात कधी डोकावलो नाही. मला फार वाईट वाटलं. त्यांची इतक्या वर्षांची थिअरी गेली होती, खुनी पुन्हा अनोळखी झाला होता, पण आप्पांना त्याचं काही नव्हतं.

"त्या पोऱ्याले काय सांगसूत आते?" रमणभाईंनी विचारलं. "खरं समजनं तर?"

"समजाले नको. आपण सोयरीक पाहाले गयथूत, बस." आप्पा काठी टेकत उठले. "आते सोयरीक पाहानी."

बाकावर नवी चौकशी सुरू झाली. पद्धत तीच, फक्त संशयितांच्या जागी मुली आल्या. रमणभाईंना ज्या बापानं कधी फसवलं असेल त्याची मुलगी बाद. असे दोन महिने गेले. हिरालालचा फोन आला की आप्पा त्याला "तपास चालू शे" असं सांगत, आणि तो बिचारा "हो आप्पा" म्हणे. त्याच्या आवाजातली आशा रोज थोडी कमी होत होती. मला भीती वाटायला लागली की आपण या माणसाला आधीपेक्षा जास्त एकटं करून ठेवणार.

मग एका सकाळी फेरी मारताना आप्पा सुनंदाच्या दाराशी थांबून राहिले. गिरणी चालू होती. "सुनंदा, मोटरना आवाज येस," ते म्हणाले. "मन्हा शक शे." सुनंदानं सांगितलं की मोटर एकदम बरी आहे. आप्पांनी तिचं ऐकलं नाही, ब्राह्मणपुरीहून माणूस बोलावून घेतला. हिरालालनं मोटर खोलली, बघितली, पुन्हा बसवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की काहीच झालेलं नाही. सुनंदा म्हणाली, "माले मालूम शे. चहा घ्या."

त्यानंतर ती मोटर खरंच वरचेवर बिघडायला लागली. काय बिघडतं, हे दोघंही सांगत नाहीत. सुनंदानं एकच अट घातली, गिरणी बंद होणार नाही. हिरालालनं आपल्या मोटारी गिरणीच्या मागच्या खोलीत आणायचं कबूल केलं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, लग्न आहे. आप्पांनी त्या म्हातारीला, तुरीच्या शेंगावालीला, स्वतः जाऊन आमंत्रण दिलं.

गेल्या आठवड्यात आप्पांना ताप होता. गोळ्या मीच दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत काठी वाजली नाही. चपला न घालताच मी निघालो, तर त्यांच्या दारात सुनंदा आणि मोटरसाठी आलेला हिरालाल आधीच पोहोचले होते. सुनंदाच्या हाताला पीठ होतं. तिनं कडी वाजवली.

"आप्पा, जित्ता शेत का?"

हिरालालनंही हाक मारली. तिनं पुन्हा कडी वाजवली, या वेळी जोरात. मग खोकला ऐकू आला आणि भांड्यांचा आवाज झाला.

"शे, शे," आप्पा आतून म्हणाले. "बठा. दोन कप काढेल शेतस, एक आखो धुई लेस."

"दोन धुवा, आप्पा," मी मागून म्हणालो.